कानामागची टिकली

रित्वा येणार म्हणून तृप्ती इंगवलेनं सकाळीच कानामागची टिकली बदलली. जुनी अजून बरी चालत होती, पण पाहुणीसमोर ऐन वेळी बंद पडली असती तर पंचाईत. नवी टिकली कातडीला चिकटली, जराशी ऊब आली, आणि पाठोपाठ नेहमीचा थकवाही आला. हल्ली टिकली लावली की तिला कामावर आल्यासारखं वाटायचं, आणि काढली की आपण कुठेच नाही असं वाटायचं. त्यातल्या त्यात कामावर असणं बरं, म्हणून ती दिवसभर लावूनच ठेवायची.

शिरोलीच्या एमआयडीसीत इंगवल्यांची फाउंड्री होती. वडिलांनी, अण्णांनी काढलेली. आता थोरला भाऊ विश्वास भट्टी आणि माणसं सांभाळायचा आणि तृप्ती परदेशी गिऱ्हाईक सांभाळायची. परदेशी गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः एकच, फिनलंडची एक पंप कंपनी. तिच्या पंपांची लोखंडी कवचं वर्षानुवर्षं इथेच ओतली जात होती, आणि त्यांच्यावरच फाउंड्रीची चूल पेटत होती. रित्वा त्या कंपनीची खरेदीप्रमुख. दोघींची ओळख जुनी, पण सगळी पडद्यावरची. रित्वा प्रत्यक्ष कोल्हापुरात पहिल्यांदाच येत होती.

ऑफिसात विश्वासदादा तिची वाटच बघत होता. त्याला कुठलीही गोष्ट बसून बोलता येत नसे.

"हे बघ तृप्ते, बाई आली की सरळ विचारायचं. पुढल्या वर्षी ऑर्डर हाय का न्हाई? तो पुण्याच्या भट्टी कंपनीचा फाटक संध्याकाळी कागद घेऊन यायलाय. नवी भट्टी म्हणजे काय चेष्टा नव्हं. सही केली की मागची जागा बँकेकडं गहाण गेली, आणि इचलकरंजीच्या जुन्या गिऱ्हाइकांना मी सांगून बसलोय की बाबांनो, दुसरीकडं बघा. बाईनं हो म्हटलं तर सही. नाहीतर फाटकाला चहा पाजून वाटेला लावतो."

तृप्ती क्षणभर थांबली. मग शांतपणे म्हणाली, "तुझी काळजी मला समजते, दादा."

दादानं तिच्याकडे रोखून बघितलं. "हे तू बोलायलीस का तुझी टिकली?"

"टिकली झोपलीय. समोर परका माणूस आला की जागी होते ती."

"म्हणजे तूच बोललीस," दादा म्हणाला, आणि त्याला ते जास्त लागलं असावं. "अगं, आधी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायचीस तू. अण्णा म्हणायचे, या दोघांना एका खोलीत ठेवलं की भोंगा लावायला नको. आता बोललो तुझ्याशी की बँकेत आल्यागत वाटतंय. उद्या ते पुण्याचे लोक आमच्याशी बोलायला कोल्हापूरची टिकली लावून येतील, मग काय करायचं?"

तृप्ती हसली. हसण्याआधीही ती किंचित थांबली होती, हे तिचं तिलाच कळलं.

या टिकलीचं शास्त्र तसं साधं होतं. दोन माणसं बोलत असतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला जेमतेम पंचमांश सेकंद लागतो. पण साधं वाक्य डोक्यात जुळवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं. तो कुठं थांबेल, कुठल्या सुरात थांबेल, याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो. हा अंदाज आपण लहानपणी घरात शिकतो, कुणी न शिकवता. एका देशात दोघांमधली शांतता सुखाची असते, दुसऱ्या देशात तीच शांतता अपमान ठरते. एकाकडे दुसऱ्याचं वाक्य तोडणं म्हणजे जिव्हाळा, दुसऱ्याकडे तो उद्धटपणा. भाषांतराची यंत्रं कधीच आली होती, जो तो ती कानात घालूनच फिरायचा, पण सौदे मोडत ते शब्दांनी नाही, या अंदाजांच्या चुकांनी.

टिकलीनं नेमकी ती जागा पकडली. ती समोरच्याचा श्वास ऐकायची, सूर जोखायची, त्या देशातल्या लाखो संभाषणांवरून बांधलेल्या नमुन्याशी ताडून बघायची आणि कानामागच्या हाडावर खूण करायची. एक टिचकी म्हणजे थांब. दोन म्हणजे बोल. लांब थरथर म्हणजे हा विषय सोड. फारच गरज पडली तर कानात एखादं वाक्य कुजबुजायची. पहिले काही महिने माणूस अडखळायचा, मग टिचकी आणि वागणं यांच्यामधला विचार गळून पडायचा. हात चटका बसताच मागे येतो ना, तसं. टिकलीच्या कंपनीच्या माहितीपत्रकात याला 'मुरणं' असा लोणच्याचा शब्द वापरला होता. मुरलेला माणूस टिकली काढल्यावरही तसाच वागतो, हा त्यांनी गुण म्हणून छापला होता.

एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरांत होती. समोरच्यानं टिकली लावलीय की नाही, हे टिकली सांगत नसे. युरोपातल्या खासगीपणाच्या कायद्याला ते चालत नव्हतं. आणि तोंडानं विचारणं म्हणजे एखाद्याला त्याचे केस खरे आहेत का, असं विचारण्यासारखं. कुणी विचारत नसे.

रित्वा आली. उंच, पांढऱ्या केसांची, केस कानांवरून खाली मोकळे सोडलेले. तिनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला, दादाला "विश्वासजी, घरी सगळे बरे आहेत ना? आईंचा गुडघा कसा आहे?" असं विचारलं. दादा एकदम खूश. इकडे तृप्ती मात्र हात पुढे करून, मोजकं बोलून, हवापाण्याची चौकशीसुद्धा न करता उभी राहिली, कारण टिकलीनं तिला तसंच सांगितलं होतं. दोघींचे हात हवेत जरा चुकले. एकीचे जोडलेले, दुसरीचा पुढे आलेला.

फाउंड्री बघून झाली. वाळूचे साचे, तांबडालाल रस, गार होत पडलेली कवचं. रित्वा प्रत्येक कारागिराला नाव विचारत होती. दुपारी सगळे दादाच्या घरी जेवायला गेले.

वैजूवहिनी पहाटेपासून ओट्याशी होती. अख्खा मसूर, पांढरा रस्सा, वड्या, आणि खास पाहुणीसाठी गुळाची पोळी. पानं मांडली. वहिनीनं पोळी उचलली.

"नको, नको," रित्वा ताटावर हात आडवा धरून म्हणाली. "खूप झालं."

पानात तेव्हा फक्त मीठ आणि लिंबाची फोड होती.

वहिनीचं काय, तिच्या दृष्टीनं हा नुसता आरंभ होता. तिनं पोळी तशीच हातात धरली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि "असं कसं, एवढ्या लांबून आलाय, एक तरी..." म्हणायला तोंड उघडलं. तृप्तीच्या कानामागे लांब थरथर झाली. कुजबूज आली, *या लोकांत नाही म्हणजे नाही. आग्रह हा दबाव वाटतो.* तृप्तीनं डोळ्यांनी वहिनीला थोपवलं. वहिनीच्या हातातली पोळी परत डब्यात गेली.

रित्वा त्या डब्याकडे बघत राहिली. क्षणभर तिच्या तोंडावर भूक लागलेल्या मुलासारखा भाव आला. तृप्तीला तो दिसला, पण तिची टिकली गप्प होती, म्हणून तिनं तो सोडून दिला. यजमानांनी पाहुण्याहून जास्त जेवायचं नाही, म्हणून तृप्तीनंही अर्धीच भाकरी घेतली. इंगवल्यांच्या घरात, भरल्या ओट्याशेजारी, दोन बायका उपाशी बसल्या आणि दोघींनी एकमेकींचे आभार मानले.

जेवणानंतर तृप्तीनं विषय काढला. पुढच्या वर्षीचं काय?

रित्वा हसली. तिनं मान थोडी तिरकी हलवली. "तृप्ती, आपलं नातं नुसतं कामाचं नाही. हे घर माझ्या लक्षात राहील. पुढच्या वर्षाचं नक्की बघू या. सगळं चांगलंच होईल."

तृप्तीच्या कानात कुजबूज आली. *हे लोक तोंडदेखलं बोलत नाहीत. बोलल्या त्याचा अर्थ होकार धरावा.* पाठोपाठ दोन टिचक्या. बोल, आभार मान, विषय संपव.

"हो म्हणाल्या," ती दादाला म्हणाली.

दादानं जागच्या जागी मांडीवर थाप मारली. "वैजू, चहा टाक! फाटकाला म्हणावं या आता खुशाल."

तृप्तीला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त आडवं व्हावंसं वाटत होतं.

रित्वाला तिनं हॉटेलवर सोडलं. परत वळल्यावर बाजूच्या सीटवर रित्वाची चष्म्याची डबी राहिलेली दिसली. ती द्यायला गाडी मागे घेतली, तर हॉटेलसमोरच्या भज्यांच्या गाड्यापाशी एक उंच बाई उभी. घामानं वैतागून तिनं केस वर बांधले होते. एका हातात वर्तमानपत्राचा कागद, त्यावर कांदाभजी, आणि ती एकामागून एक भजी तोंडात कोंबत होती. नाकातून पाणी येत होतं तरी थांबत नव्हती. गाडेवाला कौतुकानं बघत म्हणाला, "मॅडम, अजून देऊ? घ्या की. घ्या ओ!" आणि तिनं कागद लगेच पुढे केला.

तिच्या डाव्या कानामागे टिकली होती.

तृप्ती जवळ जाऊन उभी राहिली. रित्वानं वळून पाहिलं, हात आपसूक कानाकडे गेला आणि मग तिनं तो खाली घेतला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तृप्तीनं आपल्या कानावरचे केस बाजूला केले. दोघी एकमेकींच्या कानामागे बघत राहिल्या.

रित्वानं आधी काढली. मग तृप्तीनं.

"मला भूक लागली होती," रित्वा म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता, हसू गेलं होतं. "मी नको म्हटलं. टिकली म्हणाली होती, तीनदा नको म्हण, ते विचारत राहतील, मग घे. तू विचारलंच नाहीस."

"मला ती म्हणाली, विचारू नको."

दोघी हसल्या. तृप्ती इतकी हसली की तिनं गाड्याचा कठडा धरला. मग तिनं स्वतःच दोन भजी उचलली. गरम होती, जीभ पोळली. भज्यांचा घास तोंडात असतानाच तिला दुपारचं आठवलं, आणि हसू थांबलं.

टिकलीचा नमुना ज्या संभाषणांवर बांधला होता, ती सगळी टिकली येण्याआधीची होती. प्रत्येक टिकली समोरच्याला बिनटिकलीचा धरून चालायची. तृप्तीची टिकली तिला फिनलंडची बाई करत होती आणि रित्वाची टिकली रित्वाला कोल्हापूरची. बोळात समोरासमोर आलेली माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, तसं हे चाललं होतं. किती वर्षं, देव जाणे.

"रित्वा, दुपारी तू म्हणालीस नक्की बघू या. त्याचा अर्थ काय?"

रित्वा बराच वेळ बोलली नाही. टिकलीशिवायची ती शांतता लांबलचक होती, आणि तृप्तीला ती सोसवेना.

"त्याचा अर्थ नाही," रित्वा म्हणाली. "वसंतातच ठरलं. आता कवचं पोलंडमध्ये होणार, घराजवळ. मी ते सांगायलाच आले. खरं म्हणजे गेले कित्येक महिने सांगतेच आहे. बघू या, विचार करू, सगळं चांगलं होईल. ती म्हणाली, तुम्ही लोक तोंडावर नाही म्हणत नाही, तसं म्हटलं तर दुखावता. असं बोललं की तुम्हाला कळतं."

"कळतं," तृप्ती म्हणाली. "आम्हाला कळतंच ते. दादाला दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं. पण तू म्हणालीस म्हणून मी..." मग संताप आला, आणि तो तिला पुष्कळ दिवसांनी आला होता. "तू सरळ बोलणारी बाई ना? मग सरळ का नाही बोललीस?"

"होते," रित्वा म्हणाली. "पूर्वी माझा नवरा म्हणायचा, तू बोलतेस ते दार आपटल्यासारखं वाटतं. आता मी त्यालासुद्धा बघू या म्हणते. आम्ही दोघं खूप प्रेमानं वागतो. तो वेगळा राहतो." तिनं भज्यांचा कागद चुरगळला. "माफ कर, तृप्ती. ऑर्डर संपली. हे बघ, आत्ता म्हटलं."

मग तृप्तीला फाटकाची आठवण झाली.

दादा फोन उचलेना. भट्टीपाशी असला की तो कधीच उचलत नसे. तृप्तीनं गाडी कशी हाणली ते तिलाच ठाऊक. फाउंड्रीच्या गेटातून आत शिरली, टिकली मुठीत तशीच होती, आणि ऑफिसच्या दारात येऊन पोचली.

आत दादा आणि भट्टीच्या कंपनीचा फाटक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले होते. मधे कागद. फाटक भट्टीची हमी समजावून सांगत होता, "म्हणजे बघा भावा, अस्तर गेलं तर आम्ही हाय की..." दादा पेन उघडून बसला होता.

तृप्तीनं तोंड उघडलं.

कानामागे एक टिचकी झाली. थांब.

टिकली तिच्या मुठीत होती. कानामागे काहीच नव्हतं, नुसती कातडी. तरी टिचकी झाली, आणि तृप्ती थांबली. समोर परका माणूस बोलत होता. त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं होतं. पुरं झाल्यावर छोटीशी उसंत सोडायची होती. तिनं ती सोडली. अगदी नेमकी, सुरेख, कुणालाही न खुपणारी. त्या उसंतीत फाटकाचं बोलणं संपलं, दादानं कागद पुढे ओढला आणि सही केली.

फाटकानं कागद उचलला, हात जोडले आणि तृप्तीला वाट देत, "येतो ताई," म्हणून बाहेर गेला.

"दादा," तृप्ती म्हणाली. "ऑर्डर नाही. बाईंनी हो म्हटलंच नव्हतं."

तिनं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पोळी, भजी, पोलंड. दादा ओरडला नाही. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याचं वय एकदम दिसायला लागलं.

"तू दारात कधी आलीस?"

"तू सही करायच्या आधी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तो बोलत होता ना."

"तो बोलत होता!" दादा म्हणाला. "अगं, आपल्या घरात कोण कधी थांबलंय? अण्णा डॉक्टरला मधेच तोडायचे." मग त्यानं तिच्या कानाकडे बोट केलं. "टिकली लावलेली होती?"

तृप्तीनं मूठ उघडून दाखवली. घामानं ती छोटी चकती तळहाताला चिकटली होती.

दादा तिच्याकडे बघत राहिला. "मग मगाशी दारात कोण उभं होतं गं?"

बाहेर फाटकाची गाडी सुरू झाली. पुन्हा टिचकी. थांब. दादाचं बोलणं आत्ताच संपलंय, थोडी उसंत सोड. दुसऱ्याच्या दुःखात घाई करू नये.

"गप!" तृप्ती म्हणाली. दादाला वाटलं त्यालाच. ती धावली.

"ओ फाटक! ओ साहेब! थांबा, थांबा म्हणतो नव्हं!" कितीतरी वर्षांनी ती शाळेतल्या पोरींसारखी ओरडत होती. साच्यांवर वाकलेली माणसं वळून बघायला लागली. गाडी गेटाशी थांबली. काच खाली आली.

धापा टाकत तिनं सगळं सांगितलं. सही चुकीनं झाली, ऑर्डर गेली, भट्टी नको, कागद परत द्या. फाटकानं ऐकून घेतलं. तिचं संपेपर्यंत तो मधे एकदाही बोलला नाही, आणि संपल्यावरही जराशी जागा सोडून मगच बोलला.

"असं कसं ताई, तुम्ही घरची माणसं. टेन्शन घ्यायचं नाही. नक्की बघू या की भावाशी बोलून. काहीतरी मार्ग काढू."

बोलता बोलता त्यानं मान वळवली. कानामागे, नुकत्याच कापलेल्या केसांखाली, कातडीच्या रंगाची गोल चकती होती. माणूस पुण्याचा होता. तो नाही म्हणाला का हो म्हणाला, का नुसतंच बोलला, हे तृप्तीला कळायला काही मार्ग नव्हता. दुपारी रित्वासमोर तिला जसं वाटलं होतं तसंच पुन्हा वाटलं, की इथेच कुठंतरी आडवं व्हावं.

पण मागच्या जागेचा कागद गाडीत होता. तिनं काचेवर हात ठेवला.

"आधी ती काढा," ती म्हणाली.

"काय, ताई?"

"कानामागची. काढा आणि मग काय ते बोला. हो तर हो. नाही तर नाही. शिवी द्यायची असंल तर शिवी द्या."

फाटकाचा हात कानाकडे गेला आणि तिथंच अडला. भर रस्त्यात कुणी सदरा काढायला सांगावं, तसा तो अवघडला. मागून दादा धावत आला आणि तिचं वाक्य संपायच्या आतच बोलायला लागला. तृप्तीच्या कानामागे टिचकी झाली. ती थांबली नाही. दोघं एकदमच बोलत राहिले.